परवानगीचा प्रश्न नंतर सोडवा, आधी कॅलेंडर ऑफिसच्या खात्यातून बाहेर काढा

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. घरातील सर्वांचे कॅलेंडर तुमच्या ऑफिसच्या ईमेल खात्यात आहे, ते पत्नीच्या वैयक्तिक खात्याशी शेअर केले तरी त्यांना प्रत्येक नोंदीच्या जागी केवळ ‘व्यग्र’ एवढेच दिसते, आणि तात्पुरता उपाय म्हणून आईंच्या टॅबलेटवर तुम्ही ऑफिसचेच खाते टाकून दिले आहे. पत्नीला नोंदी बदलण्याची परवानगी कशी द्यावी, हा तुमचा प्रश्न आहे. परंतु पोस्टच्या शेवटच्या ओळीत, पुढील महिन्यात तुम्ही नोकरी बदलणार आहात, असे ओझरते लिहिले आहे, आणि मला खरी काळजी त्या ओळीची वाटते.

काही वर्षांपूर्वी मी अगदी याच ठिकाणी होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझा अनुभव ऑफिसमधील गूगल खाते आणि घरात अँड्रॉइड व आयफोन अशी सरमिसळ असण्यापुरता आहे. तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहून घ्यावेत.

प्रथम तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. गूगल कॅलेंडर शेअर करताना परवानगीचे चार स्तर असतात: फक्त व्यग्र की मोकळे एवढे दिसणे, सर्व तपशील दिसणे, नोंदी बदलता येणे, आणि नोंदींबरोबर शेअरिंगही सांभाळता येणे. मात्र ऑफिसच्या खात्यावर कंपनीचा प्रशासक, म्हणजे सर्वांची खाती सांभाळणारा आयटी विभाग, बाहेरच्या लोकांसाठी यांपैकी कमाल मर्यादा ठरवून देतो. ती ‘व्यग्र की मोकळे’ येथे अडवलेली असेल, तर तुम्ही स्वतःच्या बाजूने काहीही केले तरी पत्नीला त्यापेक्षा अधिक दिसणार नाही. ॲप पुन्हा टाकून किंवा फोन बदलून त्यात काहीही फरक पडत नाही.

हे एक वाक्य मला कोणी पहिल्या दिवशी सांगितले असते, तर पुढचे सर्व टळले असते. मी आमच्या ऑफिसच्या हेल्पडेस्ककडे तीन तिकिटे, म्हणजे लेखी तक्रारी, टाकली. पहिल्यावर ॲप काढून पुन्हा टाकण्याचे उत्तर आले. दुसऱ्यावर कॅलेंडरचे शेअरिंग रद्द करून पुन्हा करण्यास सांगितले, ते मी केले आणि पतींना नव्याने निमंत्रण पाठवले. तिसरे तिकीट मला काहीही न विचारता ‘सोडवले’ असा शेरा मारून बंद झाले. बाहेरील शेअरिंग धोरणानेच बंद आहे, हे त्या विभागाला माहीत असणारच, कारण ती मर्यादा त्यांनीच घातलेली होती. मर्यादा घालण्याबद्दल माझी तक्रार नाही, कंपनीची माहिती बाहेर जाऊ नये यासाठी ती योग्यच आहे. परंतु ‘हे होणार नाही’ असे स्पष्ट सांगण्याऐवजी माणसाला अकरा दिवस फोनशी झटापट करायला लावणे, याला मी मदत म्हणणार नाही.

शेवटी मी तुमच्यासारखाच मार्ग काढला. घरातील टॅबलेटवर माझे ऑफिसचे खाते टाकले, म्हणजे कोणीही त्यावर नोंद करू शकेल. खाते टाकताना हे उपकरण संस्थेच्या व्यवस्थापनाखाली येईल अशी सूचना आली होती, आणि ती मी न वाचता मान्य केली. मुलाच्या लसींच्या तारखा, सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासण्या, पासपोर्ट आणि विम्याच्या मुदती, अशी चार वर्षांची माहिती त्यात जमा झाली.

नोकरी सोडताना खाते महिनाअखेरपर्यंत सुरू राहील, असे मला तोंडी सांगितले होते. प्रत्यक्षात ते शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद झाले. फोनवरील कॅलेंडर रिकामे झाले. तेव्हा मला आठवले की टॅबलेट प्रवासाच्या बॅगेत कित्येक दिवस बंद पडून आहे. तो चार्ज करून उघडला, तर वाय-फाय बंद असल्यामुळे सगळ्या नोंदी जशाच्या तशा दिसत होत्या. त्या क्षणी मी जे केले, ते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महागात पडलेले कृत्य आहे. स्क्रीनचे फोटो स्वतःला ईमेल करावेत या विचाराने मी वाय-फाय सुरू केले. उपकरणावरील खाते दुरून पुसून टाकण्याचा कंपनीचा आदेश सर्व्हरवर वाट पाहत होता, आणि टॅबलेट जोडला जाताच तो पोहोचला. काही क्षणांत यादी माझ्या डोळ्यांसमोर रिकामी झाली. विमान मोड लावून, दुसऱ्या फोनने एकेका महिन्याचे फोटो काढले असते, तर अर्ध्या तासात सगळे वाचले असते. कोणाच्या घरी असे ऑफलाइन राहिलेले उपकरण शिल्लक असेल, तर कृपया एवढे लक्षात ठेवावे: ते नेटला जोडू नका.

त्यानंतर जुन्या कंपनीच्या हेल्पडेस्ककडे कॅलेंडरच्या फाइलची विनंती केली, तेव्हा वैयक्तिक माहिती कंपनीच्या खात्यात ठेवणे धोरणात बसत नाही, असे उत्तर आले. ते खरे होते आणि चूक माझीच होती. परंतु काढून टाकलेले खाते प्रशासकाला २० दिवसांपर्यंत परत आणता येते, हे मला पाचव्या आठवड्यात अन्य कोणाकडून कळले. हेल्पडेस्कने त्या मुदतीबद्दल अवाक्षर काढले नव्हते. सासूबाईंची एक तपासणी हुकली आणि नवी वेळ सात आठवड्यांनंतरची मिळाली. तारीख माझ्याकडे नव्हती, हे त्यांना समजावून सांगणे मला फार जड गेले.

आता तुम्ही काय करावे, याबद्दल. ऑफिसच्या खात्यात घरासाठी वेगळे कॅलेंडर तयार केलेले असेल, तर संगणकाच्या ब्राउझरमधून फक्त तेवढेच निर्यात करा, म्हणजे त्यातील नोंदींची फाइल उतरवून घ्या. सगळी कॅलेंडरे एकत्र उतरवू नका, कारण मुख्य कॅलेंडरमध्ये कंपनीच्या बैठका असतात आणि त्या बाहेर नेणे योग्य नाही. घरच्या नोंदी मुख्य कॅलेंडरमध्येच मिसळलेल्या असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: एक संध्याकाळ काढून त्या हाताने नव्या ठिकाणी लिहाव्यात. निर्यात होणारी फाइल आयकॅलेंडर या प्रमाणातील, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी लिहिण्याच्या सर्वमान्य पद्धतीतील, असते. १९९८ साली ठरलेले आणि २००९ मध्ये सुधारलेले हे प्रमाण गूगल, ॲपल व आउटलुक या तिघांनाही वाचता येते, त्यामुळे पुढे कोणती सेवा घ्यायची याची आत्ताच चिंता नको.

ही फाइल घरच्या खात्यात आयात करताना आधी एक नवे, रिकामे कॅलेंडर तयार करा आणि त्यातच ती घाला. आयातीत काही बिघडले किंवा नोंदी दुप्पट झाल्या, तर ते एक कॅलेंडर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. थेट मुख्य कॅलेंडरमध्ये घातलेल्या शेकडो नोंदी मात्र एकेक करून निवडाव्या लागतात. आयात म्हणजे त्या क्षणाची प्रत असते, हेही ध्यानात असू द्या. त्यानंतर जुन्या कॅलेंडरमध्ये केलेला बदल नव्यात येणार नाही, म्हणून आयातीच्या दिवसापासून घरातील सर्वांनी जुन्यात लिहिणे थांबवावे. पुन्हा येणाऱ्या नोंदी नीट आल्या आहेत की नाहीत, तेही तपासावे, कारण त्या कधीकधी एकमेकींपासून तुटून वेगवेगळ्या नोंदी होऊन येतात.

यापुढे शेअरिंगची दिशा उलटी ठेवा. कॅलेंडर घरच्या खात्याचे असावे, पत्नीला चौथा स्तर द्यावा, आईंना नोंदी बदलण्यापुरता तिसरा द्यावा, आणि नव्या ऑफिसच्या खात्याला हवे तर फक्त पाहण्याची परवानगी द्यावी. उद्या ते खाते बंद झाले, तर तुमची एक खिडकी बंद होईल, घर जागेवर राहील. ऑफिसची एखादी उशिराची बैठक घरी कळायला हवी असेल, तर त्या बैठकीत स्वतःच्या वैयक्तिक ईमेलला पाहुणे म्हणून जोडावे, अर्थात कंपनीची हरकत नसेल तर.

गुप्त लिंक देऊन कॅलेंडर जोडण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. मी तो देणार नाही. लिंकने जोडलेले कॅलेंडर फक्त वाचता येते आणि बदल उशिरा पोहोचतात. गूगलमध्ये त्याला १२ तासांपर्यंत लागू शकतात, तर आउटलुकमध्ये कधी २४ तासांहून अधिक. शिवाय लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सर्व तपशील दिसतात. आयक्लाउडच्या सार्वजनिक कॅलेंडरचेही तसेच आहे, त्यात बाहेरच्याला लिहिता येत नाही. घरात एकाकडे आयफोन आणि दुसऱ्याकडे अँड्रॉइड असेल, तर सर्वांना लिहिता यावे म्हणून गूगलचे कॅलेंडर मध्यभागी ठेवणे मला अधिक सोयीचे वाटले. आयफोनच्या मूळ कॅलेंडर ॲपमध्ये शेअर केलेले गूगल कॅलेंडर आपोआप दिसत नाही. त्यासाठी गूगल कॅलेंडरचे ‘सिंकसिलेक्ट’ नावाचे पान ब्राउझरमध्ये उघडून तेथे त्या कॅलेंडरवर खूण करावी लागते. आमच्याकडे याच एका खुणेवाचून आठवडा गेला.

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण त्या सहसा कोणी लिहीत नाही. पहिली, नवी नोंद कोणत्या कॅलेंडरमध्ये जाते हे प्रत्येक फोनवर वेगळे तपासा. काही अँड्रॉइड फोनमध्ये नोंद फक्त त्या उपकरणावर साठवणारे कॅलेंडर आधीच निवडलेले असते. आईंनी नोंद केली, त्यांना ती दिसतेही, पण घरात अन्य कोणालाही दिसत नाही, असे झाले तर बहुधा कारण हेच असते. दुसरी, कॅलेंडर शेअर झाले म्हणजे आठवण करून देणारी घंटाही शेअर झाली, असे नसते. गूगलमध्ये सूचना ज्याच्या त्याच्या असतात. तुम्ही स्वतःसाठी लावलेली एक तास आधीची आठवण पत्नीच्या फोनवर वाजणार नाही, त्यांनी त्या कॅलेंडरसाठी स्वतःची लावायला हवी.

संपूर्ण घरासाठी एक वेगळे खाते उघडून त्याचा पासवर्ड सर्वांना द्यावा, असेही काही जण सुचवतात. माझ्या मते तसे करू नये. पडताळणीचा कोड एकाच फोनवर येतो आणि बदल कोणी केला हे कळत नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू शकते, त्यामुळे कोणीच लक्ष न दिलेले खाते हाही धोकाच आहे.

तुमच्याकडे अद्याप काही आठवडे आहेत. निर्यात आज रात्रीच करा, आणि फाइल उघडून त्यात पुढील वर्षाच्या नोंदीही आल्या आहेत का ते पाहा. आईंच्या टॅबलेटवरून ऑफिसचे खाते तुम्ही स्वतःच काढा, परंतु नव्या कॅलेंडरमध्ये सर्व नोंदी जुळल्याची खात्री झाल्यावरच. निर्यातीचा पर्याय दिसत नसेल, तर प्रशासकाने तो बंद केला असू शकतो. तेव्हा हेल्पडेस्कला ‘कॅलेंडर चालत नाही’ असे लिहू नका. ‘अमुक नावाच्या कॅलेंडरची निर्यात धोरणाने बंद आहे का, आणि माझे खाते नेमके कोणत्या तारखेला बंद होणार आहे’ असे दोनच प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.