वाचक विचारतात: कार्बोरेटर घरी खोलताना

या वेळच्या पत्रांमध्ये कार्बोरेटरची, म्हणजे इंजिनसाठी हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, पत्रं सगळ्यांत जास्त आहेत. वाचून एक गोष्ट ध्यानात आली. जेट (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) कसे साफ केले, कुठला स्प्रे मारला, किती फुंकलं, हे सगळ्यांनी भरभरून लिहिलंय. रबराबद्दल मात्र जवळजवळ कोणीच नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या कार्बोरेटरांत कचऱ्यापेक्षा कडक झालेलं, दबून चपटं झालेलं किंवा चुकीचं बसवलेलं रबर हेच दुखणं जास्त वेळा निघतं. म्हणून आज उत्तरांत रबराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) जोडातून पेट्रोल पाझरत होतं म्हणून घरीच खोललं. जोडात गळती अडवणारं गॅस्केट तुटलं, तेव्हा कडेने सिलिकॉनची पेस्ट लावून बंद केलं. थोडे दिवस बरं चाललं. आता परत गळतंय, शिवाय चढावर गाडी दम टाकते. नवीन कार्बोरेटर घ्यावा लागेल का?

नवीन घेऊ नका. पण ती पेस्ट आधी पूर्ण निघाली पाहिजे. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि धातूवरची पकड सोडतं. जोड दाबताना जेवढी पेस्ट बाहेर आलेली तुम्हाला दिसली, तेवढीच आतही गेली आहे. आतल्या त्या कडेचे तुकडे सुटतात, चेंबरच्या तळाशी बसतात आणि पेट्रोलबरोबर मेन जेटच्या तोंडाशी जातात. चढावर थ्रॉटल जास्त उघडता तेव्हा इंजिन मुख्यतः मेन जेटवर चालतं, म्हणून दम तिथेच सुटतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे.

पेस्ट खरवडायला लोखंडी पातं घेऊ नका. कार्बोरेटरचं अंग मऊ मिश्रधातूचं असतं. गॅस्केटच्या बैठकीवर आडवा ओरखडा पडला की तोच पेट्रोलला वाट करून देतो. प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडी काडी पुरते. मेन जेट, पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) आणि मेन जेटच्या वरची भोकाभोकांची नळी हे तिन्ही काढून उजेडाकडे धरून बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. पोलादी तार किंवा सुई आत घालू नका. जेट पितळेचा असतो आणि पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. तारेने ते किंचित जरी मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पीत राहतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार चालते, तीही जपून.

आता चेंबर सपाट काचेवर उलटं ठेवा. कोपऱ्यांत डुगडुगतंय का? गळती थांबावी म्हणून माणसं चारही स्क्रू जीव खाऊन आवळतात, त्याने स्क्रूंपाशी कान खाली दबतात आणि मधला भाग उचललेला राहतो. थोडीशी डुगडुग असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून चेंबरची कड गोल गोल हलक्या हाताने घासता येते. फक्त चेंबरची, वरच्या अंगाला पेपर लावू नका. मग तुमच्या मॉडेलचं तयार गॅस्केट कोरडंच बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत आणा.

पण हे सगळं करण्याआधी एक शंका मनात ठेवा. बहुतेक कार्बोरेटरांत पेट्रोलची पातळी जोडाच्या खाली राहते. गाडी सरळ उभी असताना जोडातून पाझरत असेल, तर पेट्रोल मुळात तिथवर चढलं कसं, हे विचारायला हवं. बाहेरून सगळं पुसून कोरडं करा, कॉक उघडा आणि पहिला थेंब कुठे दिसतो ते बघत बसा: जोडावर, ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून, की खालच्या ड्रेन स्क्रूपाशी.

ओव्हरफ्लोतून येत असेल तर सगळे फ्लोटची पिन बदलतात, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करते ती. पिनच्या रबरी टोकावर गोल खाच पडली असेल तर बदलायलाच हवी. मात्र पिन ज्या सीटवर बसते, ती अनेक कार्बोरेटरांत ओढून निघणारी असते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला एक लहान ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, असते. ही ओ-रिंग सुकली की पेट्रोल पिनमधून न जाता सीटच्या बाजूने आत उतरतं. मग कितीही नव्या पिना घाला, ओव्हरफ्लो थांबत नाही. चांगल्या पिना उगाच फेकल्या जातात त्या या एका ओ-रिंगपायी, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दुसरी फसवी जागा म्हणजे चेंबरमध्ये उभी असलेली ओव्हरफ्लोची पितळी नळी. तिला उभी बारीक चीर गेली तर पातळी बरोबर असूनही खालून थेंब पडत राहतात. सुटं चेंबर हातात धरून नळीच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा. तरीही खालून ठिबकलं तर दोष नळीचा आहे, पिनेचा नाही.

फ्लोट, पिन आणि सीट जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल जिथून येतं त्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हळूच फुंका. फ्लोटच्या वजनाने पिन बंद असते, त्यामुळे हवा जाता कामा नये. सुलटा केल्यावर मोकळी जायला हवी. याला तोंडाचीच हवा वापरा, कॉम्प्रेसरची नको. फ्लोटची उंची मोजताना मात्र कार्बोरेटर तिरका धरा: फ्लोटची जीभ पिनेला नुसती टेकलेली असावी, पिनेतली बारीक स्प्रिंग दबलेली नसावी. पूर्ण उलटा धरून मोजलं तर ती स्प्रिंग दबते आणि माप चुकतं.

प्रश्न: ताई, कार्बोरेटर दुरुस्तीच्या किटमधल्या ओ-रिंग मिळत नाहीत. सुट्या ओ-रिंगच्या डबीतल्या मापाने बसवल्या तर चालतील का? दिसायला सगळ्या सारख्याच काळ्या आहेत.

दिसायला सारख्या आहेत हीच तर अडचण आहे, म्हणून तुझा प्रश्न मला आवडला. काळ्या रंगावरून रबर ओळखता येत नाही. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम ही दोन्ही पेट्रोलमध्ये फुगतात. ईपीडीएम ब्रेक ऑइलच्या कामाचं आहे, पेट्रोलच्या नाही. पेट्रोलला नायट्राइल चालतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणारी असेल, तर मी व्हिटॉन घेते. ते महाग पडतं, आणि ब्रेकमध्ये ते चुकूनही घालायचं नाही, पण पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही सोसतं.

डबीवर रबराचं नाव नसेल तर त्यातली एक ओ-रिंग बळी दे. व्हर्नियरने जाडी मोज, झाकणाच्या काचेच्या बाटलीत तू भरतोस त्याच पेट्रोलमध्ये रात्रभर ठेव आणि सकाळी लगेच परत मोज. नायट्राइलही किंचित फुगतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ओ-रिंग डोळ्याला मोठी दिसली, खाचेत बसेनाशी झाली किंवा बोटाने चिरडली, तर अख्खी डबी या कामातून बाद.

माप जुन्या ओ-रिंगवरून घेऊ नकोस. ती वर्षानुवर्षं दाबाखाली राहून चपटी झालेली असते, जाडी कमीच दाखवणार. खाच मोज. खाचेच्या खोलीपेक्षा ओ-रिंगची जाडी साधारण पाचवा हिस्सा जास्त असली की ती योग्य दाबली जाते. जाड घातली तर जास्त घट्ट बसेल, हा समज सोडून दे. जाड ओ-रिंग दाबताना कापली जाते, नाहीतर दोन भाग पूर्ण टेकूच देत नाही. बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब बोटाने चोळ, म्हणजे ती पिळवटणार नाही.

प्रश्न: सगळं साफ करून जोडलं, तरी आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिन चालण्याचा वेग) एका जागी राहत नाही. कधी आपोआप वाढतं, कधी गाडी बंद पडते. पायलट स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही.

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. स्क्रू फिरवून फरक पडत नाही म्हणजे एकतर पायलटचा मार्ग अजून बंद आहे, किंवा हवा दुसरीकडूनच आत शिरते आहे.

आधी स्क्रू पूर्ण बाहेर काढा. अनेक कार्बोरेटरांत त्याच्या अंगावर क्रमाने स्प्रिंग, बारीक वॉशर आणि टोकाकडे इवलीशी ओ-रिंग असते. साफसफाईत वॉशर हरवतो किंवा ओ-रिंग भोकातच चिकटून राहते, आणि मग त्यावर दुसरी घातली जाते. वॉशर नसला तर स्प्रिंग त्या ओ-रिंगमध्ये घुसून ती फाडते. टॉर्च लावून भोकात बघाच. स्क्रूचं टोक वाकलेलं किंवा त्यावर कडं उमटलेलं असेल तर तो फार आवळून बंद केला गेला होता, नवा घ्या. यापुढे काढण्याआधी स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत फिरवा आणि फेऱ्या कागदावर लिहून ठेवा.

स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो सहसा पेट्रोलचं मिश्रण सोडतो: बाहेर काढाल तसं पेट्रोल वाढतं. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, आणि बाहेर काढाल तसं पेट्रोल कमी पडतं. हे न बघता फिरवणारे उलट्याच दिशेला जात राहतात.

मग इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी जोड. तो वाकवून बघा, चिरा आतून असतात. तो जिथे इंजिनला टेकतो तिथली ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदला. तपासायला इंजिन थंड असताना चालू करा आणि जोडांवर साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथून शिरते आहे. बरेच जण याला कार्बोरेटर क्लीनर वापरतात; चालत्या इंजिनवर पेटणारा द्रव उडवायला मी कुणालाही सांगणार नाही. हे सगळं ठीक निघालं तर थ्रॉटलचा दांडा बोटांनी वरखाली हलवून बघा. तिथे झीज असेल तर ओ-रिंगने काम भागणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा हे काम खोलीत बसून करतो. वासाने डोकं चढतं. तो म्हणतो, जवळ आग नाही मग भीती कसली?

तुमची काळजी अगदी रास्त आहे, हे उत्तर त्याला दाखवा. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, त्यामुळे खोलीच्या तापमानाला ती नेहमीच तयार असते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि आग तिला दुसऱ्या खोलीतही सापडते: गिझरची ज्योत, फ्रिज चालू होतानाची ठिणगी, साधं बटण. चेंबरमधलं पेट्रोल घराबाहेर, मोकळ्या हवेत, ड्रेन स्क्रूतून धातूच्या भांड्यात पूर्ण काढायचं, कार्बोरेटर कोरडा होऊ द्यायचा आणि मगच तो टेबलावर आणायचा. धुणं आणि स्प्रे मारणं बाहेरच, डोळ्यांवर चष्मा लावून. स्प्रे एका भोकात मारला की दुसऱ्यातून थेट डोळ्यात येतो. काढलेलं पेट्रोल मोरीत ओतायचं नाही. आणि एक: गाडीच्या इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ओव्हरफ्लो आत उतरला आहे, ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये.

प्रश्न: लिंबाच्या रसात उकळून कार्बोरेटर चकचकीत होतो म्हणतात. करावं का?

नको. आम्ल मळाबरोबर धातूही खातं आणि आतल्या वाटांमध्ये राहून गेलं तर पांढरी बुरशीसारखी गंज धरते. चकचकीत असण्याने काहीही साधत नाही.

प्रश्न: चेंबरच्या स्क्रूंची डोकी गेली आहेत. चांगला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर वापरला होता.

जपानी बनावटीच्या कार्बोरेटरांवरचे फुलीचे स्क्रू फिलिप्स नसतात, ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, पद्धतीचे असतात. फिलिप्सचं टोक त्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर सरकून डोकं खातं. जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या, बसवून त्याच्या मुठीवर हलका ठोका द्या, मगच फिरवा. डोकी अगदीच गेली असतील तर बारीक पकडीने बाहेरून धरून सोडवा. जोडताना षटकोनी खाचेचे नवे स्क्रू घातलेत तर उत्तम, पण लांबी जुन्याइतकीच हवी.

प्रश्न: क्लीनर मारल्यावर कार्बोरेटरात वरखाली सरकणाऱ्या स्लाइडवरचा पातळ रबरी पडदा फुगून मोठा झाला. आता झाकणाखाली बसतच नाही.

घाईने नवा मागवू नका. क्लीनरने फुगलेला पडदा सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस ठेवला की बऱ्याचदा मूळ मापावर येतो. ओढू नका, गरम करू नका. यापुढे स्प्रे हातात घेण्याआधी पडदा आणि सगळ्या ओ-रिंग काढून बाजूला ठेवत जा. आटला की दिव्यासमोर हळूच ताणून टाचणीएवढी भोकं बघा. एक जरी दिसलं तरी बदला, चिकटपट्टी किंवा डिंक टिकत नाही.

बसवताना खालून बोट घालून स्लाइड वर उचलून धरा. त्याने पडदा सैल होतो आणि त्याची जाड कड खाचेत सगळीकडून बसते. तशीच धरून स्प्रिंग आणि झाकण लावा, स्क्रू आवळा. मग स्लाइड पूर्ण वर उचला, पडद्याखालचं हवेचं भोक बोटाने बंद करा आणि स्लाइड सोडा. ती जागेवर थांबली किंवा अगदी सावकाश उतरली तर काम झालं. धाडकन खाली आली तर कड कुठेतरी दुमडली आहे. झाकण काढा आणि पुन्हा बसवा.