बिलवाला कॅमेरा की बाहेरचा पीस? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सातारा जिल्ह्यात लग्नाच्या ऑर्डरी घेतो. आत्ताची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) थकलीय, तुळशीच्या लग्नाआधी नवीन फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची घ्यायचीय. कंपनीच्या डीलरकडे २,३६,००० सांगतात, मुंबईत फोर्टमधला एक दुकानदार तेच मॉडेल २,०५,००० ला देतोय, बिल नाही, पण 'दुकानाची एक वर्ष वॉरंटी'. म्हणतो पीस ओरिजिनलच आहे, फक्त बाहेरचा. मित्र म्हणतात डोळे झाकून घे. घेऊ का?

उत्तर : दुकानदार खोटं बोलत असेलच असं नाही. ग्रे माल म्हणजे डुप्लिकेट नव्हे, त्याच कंपनीचा कॅमेरा असतो, फक्त दुबई नाहीतर हाँगकाँगसारख्या दुसऱ्या बाजारासाठी निघालेला आणि कंपनीच्या इथल्या ऑफिसला वळसा घालून आलेला. फोटो दोन्हीतून सारखेच येणार, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. फरक सगळा कागदाचा आहे आणि तुम्ही यावर पोट भरता म्हणून तुम्हाला तो जास्त लागू होतो.

आता हिशोब बघा. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के (आधी २८ होता, १ जानेवारी २०१९ पासून कमी झाला), म्हणजे २,३६,००० मधले ३६,००० नुसता टॅक्स. तुमची जीएसटी नोंदणी आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, तिच्यात टॅक्स वळता करता येत नाही) नसाल तर डीलरकडून तुमच्या जीएसटी नंबरचं बिल घ्यायचं, हे ३६,००० तुम्ही लग्नाच्या बिलांवर भरता त्या जीएसटीतून वळते होतात, म्हणजे कॅमेरा पडला २ लाखाला. फोर्टवाल्याचा पडतो २,०५,०००, कारण तिथे वळतं करायला काहीच नाही. स्वस्त म्हणून घेतलेला पीस पाच हजारांनी महाग, आणि वर इन्कम टॅक्सला घसारा (वस्तू जुनी होते म्हणून दरवर्षी खर्चात धरायची घट) दाखवायचा तर बिल नाही, शिवाय दहा हजारांच्या वर रोख मोजून घेतलेल्या वस्तूवर घसारा मिळतही नाही, तुमच्या सीएला विचारा. नोंदणी नसेल तर मात्र ३१,००० चा फरक खराच आहे, तो मी नाकारत नाही.

पण तरीही बॉडीसाठी माझं उत्तर नाहीच. ऐन सीझनमध्ये शटर गेलं की 'दुकानाची वॉरंटी' म्हणजे काय ते कळतं : दुकानदार त्याच्या ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे पाठवणार, पार्ट मिळाला तर ठीक, नाहीतर 'शेठ, पुढच्या आठवड्यात बघतो', आणि तोपर्यंत तुमच्या हातात दोन हळदी आणि एक रिसेप्शन. कंपनीची वॉरंटी बहुतेक करून ज्या देशात पीस विकला त्या देशापुरती असते आणि सिरीयल नंबर टाकला की तो पीस कुठल्या बाजारातला ते सर्व्हिस सेंटरला समजतं. कंपन्या यात किती कडक होऊ शकतात म्हणाल तर अमेरिकेतल्या निकॉनचं धोरण बघा, ग्रे पीस पैसे देऊनही दुरुस्तीला घेत नाहीत. आणि कॅमेरा चोरीला गेला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा बिलच मागतो, त्यावर सिरीयल नंबर हवा, तो छापून घ्यायला लोक हमखास विसरतात.

डीलरकडे गेल्यावर बॉक्स हातात घेऊन उलटा करा. आपल्याकडे आयात केलेल्या पॅकबंद मालावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, सगळ्या टॅक्ससह एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर असलाच पाहिजे, कायदाच आहे तसा. हे स्टिकरच नसेल किंवा इम्पोर्टर म्हणून भलत्याच कुणाचं नाव असेल तर समोरचा कितीही 'ऑथोराइज्ड' म्हणो, कंपनीच्या वेबसाइटवर डीलरची यादी असते ती तिथेच मोबाईलवर उघडून बघा. ऑनलाइन घेताना पण हेच, मोठ्या साइटचं नाव बघून भुलू नका, खाली विक्रेता कोण लिहिलाय ते यादीशी ताडून बघा.

प्रश्न : जावई जपानमध्ये नोकरीला आहेत, दिवाळीला नाशिकला येतायत. सोनी तिथलीच कंपनी, तर तिकडून मागवला तर स्वस्त आणि खात्रीचा पडेल ना?

उत्तर : खात्रीचा नक्की, पण मेन्यू वाचता येईल का ते आधी विचारा! सोनीचे जपानी बाजारासाठीचे कितीतरी मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतात, सेटिंगमध्ये इंग्रजीचा पर्यायच नसतो, तेव्हा जावयांना दुकानात मेन्यू उघडून भाषा बदलून बघायला सांगा, मगच पैसे द्या म्हणावं. शिवाय पर्यटकांना मिळणारी १० टक्के टॅक्सची सूट तिथे राहून नोकरी करणाऱ्यांना मिळत नाही, म्हणजे तुम्ही ऐकलेला भाव बहुतेक फिरायला गेलेल्या कुणाचा असणार. इकडे उतरल्यावर ड्युटी फ्री मर्यादेच्या वर किंमत गेली तर कस्टम्सला ड्युटी भरायची, मर्यादा किती ते निघायच्या आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घ्या आणि ड्युटी धरूनच इथल्या भावाशी तुलना करा. बॉक्स फेकून गळ्यात अडकवून आणला की चालतं हा सल्ला देणारे विमानतळावर तुमच्यासोबत नसतात. जाताजाता एक, इथूनच महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परत येताना तो तुमचाच जुना आहे हे सिद्ध करत बसावं लागत नाही.

प्रश्न : 'व्हाइट बॉक्स' लेन्स म्हणजे ग्रे का? पुण्यात निम्म्या किमतीत मिळतेय.

उत्तर : तसंच काही नाही. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये आलेली लेन्स काढून साध्या पांढऱ्या खोक्यात वेगळी विकतात, ती व्हाइट बॉक्स. किट इंडियातलं असेल तर लेन्सही इंडियाचीच, मात्र वॉरंटी कार्ड बहुतेक वेळा बॉडीसोबत गेलेलं असतं. हौशी माणसाने जरूर घ्यावी, लेन्स सहसा बिघडत नाही, फक्त आत बुरशी आहे का ते टॉर्च मारून बघा, ऑटोफोकस स्वतःच्या बॉडीवर लावून तपासा आणि साधं का होईना बिल मागा. बॅटरी आणि मेमरी कार्ड मात्र डीलरकडूनच घ्या, तिथे प्रश्न ग्रेचा नाही, सरळ नकली मालाचा आहे, आणि कार्ड गेलं तर नवरीकडच्यांना काय सांगणार.