कोकणात किनाऱ्यालगतच्या गावात हिवाळा कसा असतो? जानेवारीत राहायला जायचंय, काही धोका आहे का?

थंडी फार नाही. रत्नागिरी-देवगड पट्ट्यात पहाटे पारा साधारण १८-२० अंशांवर येतो, दुपारी ३०च्या पुढे जातो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा मात्र शाल लागते.

माझ्या मते खरी भीती वणव्याची. पावसाळ्यात कातळावर वाढलेलं गवत डिसेंबरपर्यंत पार वाळतं. एक विडीचं थोटूक किंवा वीजवाहिनीची ठिणगी पडली की वाऱ्यावर आग पसरते आणि वर्षानुवर्षं जपलेली आंबा-काजूची कलमं तासाभरात जातात. घर कातळालगत असेल तर भोवतालचं गवत आधीच कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढून घ्या. कृपा करून उघड्यावर शेकोटी पेटती सोडू नका.

घाटात पहाटे दाट धुकं असतं, उजाडल्यावरच निघा. समुद्र एरवी शांत, पण डिसेंबर २०१७मध्ये ओखी वादळाने इथेही तो खवळला होता; होड्या बंदरात परतताना दिसल्या तर पाण्यात उतरू नका.

आणि मळभ आलं की बागायतदाराशी जरा सांभाळून बोला. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग पडायची वेळ तीच.