रानपिंगळ्याचे भवितव्य गणिताने सांगता येईल?

प्रश्न : आमच्या शहादा परिसरात १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा (एक लहान घुबड) आणखी किती वर्षे टिकेल, हे गणिती प्रारूपांवरून (मॉडेलवरून) सांगता येते का? इतक्या थोड्या पक्ष्यांवर गणित मांडण्यात अर्थ आहे का?
– एक शिक्षक, शहादा

उत्तर : पक्षी अमुक साली नामशेष होईल, असे प्रारूप सांगत नाही, ठरावीक मुदतीत तो नामशेष होण्याची शक्यता किती, एवढेच सांगते. पक्षी थोडे असतात तेव्हाच या गणिताची खरी गरज असते. रानपिंगळ्याचे जगभरातील प्रौढ पक्षी २५० ते ९९९ असावेत, असा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा अंदाज आहे.

समजा, १०० पक्षी आहेत. चांगल्या वर्षी ते ३० टक्क्यांनी वाढून १३० झाले आणि पुढच्या दुष्काळी वर्षी ३० टक्क्यांनी घटले, तर उरतात ९१. दोन वर्षांची सरासरी वाढ शून्य, तरीही नऊ पक्षी गेले. त्यात निव्वळ योगायोगाची भर पडते : एखाद्या लहानशा जंगलतुकड्यात पाचच पिल्ले वाचली, तर ती सगळी नर किंवा सगळी मादी निघण्याची शक्यता १६ मध्ये १ असते, पाचशे पिल्लांच्या बाबतीत ही भीती उरत नाही. असे चढउतार संगणकावर हजारो वेळा चालवून संख्या किती वेळा शून्यावर आली, हे मोजतात. वीस वर्षांत किंवा पाच पिढ्यांत, यांपैकी जी मुदत मोठी तिच्यात, ही शक्यता निदान २० टक्के निघाली, तर त्या संघाच्या एका निकषानुसार प्रजाती ‘संकटग्रस्त’ ठरते.

माझ्या मते प्रारूपाचा मोठा उपयोग उपायांची तुलना करण्यात आहे. अमेरिकेतील लॉगरहेड सागरी कासवांवरील १९८७ च्या अभ्यासात असे दिसले की, किनाऱ्यावरची अंडी पूर्णपणे राखली तरी घट थांबत नाही, मात्र वाढत्या वयाची कासवे मरण्यापासून वाचवली तर थांबू शकते. त्यामुळे कोळंबीच्या जाळ्यांत कासवांना सुटकेची वाट ठेवण्याच्या आग्रहाला बळ मिळाले. सातपुड्यातही पिल्ले वाचवणे, प्रौढ पक्षी वाचवणे की घरट्यांसाठी ढोल्या असलेली जुनी झाडे राखणे, यांपैकी कशाने धोका अधिक घटतो, हे असेच तपासता येईल.

त्यासाठी आपण आणि आपले विद्यार्थी दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच हंगामात, लांबूनच नोंदी ठेवू शकता : जोडी दिसली का, पिल्ले उडाली का, ढोलीचे झाड शाबूत आहे का. पक्षी दिसला नाही, तर तेही तारखेसह अवश्य लिहावे.