कॉन्फिग फाइल आणि नोंदवलेल्या तासांवरून बिलं आपोआप कशी तयार करावीत?

तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात बसून चार-पाच ग्राहकांचं सॉफ्टवेअरचं काम तासांवर करता, तास टायमरमध्ये नोंदवता, आणि तरीही महिनाअखेरीला एक्सेलमध्ये बिलं करत बसावं लागतं. हे आपोआप होईल का, की एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

होतं, आणि विकत काही घ्यावं लागत नाही. मी इथलाच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची कामं करतो, एक ग्राहक बेळगावचा आहे, एक परदेशातला. सगळी बिलं पायथनच्या एका छोट्या स्क्रिप्टमधून निघतात. स्क्रिप्ट लिहिणं अवघड नाही. खरा विचार करावा लागतो तो कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट जिथून ग्राहकांची माहिती आणि दर वाचते त्या फाइलमध्ये, काय ठेवायचं याचा.

प्रत्येक ग्राहकाचं नाव जीएसटी नोंदणीत आहे अक्षरशः तसंच घ्या, पत्ता, जीएसटी नंबर, पैसे किती दिवसांत द्यायचे ते, आणि पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे ग्राहकाने दिलेली कामाची लेखी ऑर्डर) नंबर. एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांत पीओ नंबर आणि वेंडर कोड (कंपनीने तुम्हाला दिलेला पुरवठादार क्रमांक) नसलेलं बिल अकाउंट्समध्ये पडून राहतं, त्यामुळे ज्यांना तो लागतो त्यांच्या नोंदीत तो रिकामा असेल तर स्क्रिप्टने बिल काढायलाच नकार द्यावा.

सगळ्यात महत्त्वाचा आहे दर. तो एकच आकडा म्हणून लिहू नका, तारखेसकट लिहा: १ एप्रिलपासून १,००० रुपये, १ जुलैपासून १,२००, असा. कोणत्या कामाला कोणता दर लागणार हे त्या कामाच्या तारखेवरून ठरू दे. एकच आकडा ठेवलात आणि जुलैमध्ये बदललात, तर मे महिन्याचा एखादा राहिलेला तास ऑगस्टमध्ये नव्या दराने बिलात येईल, आणि ग्राहकाने विचारलं तर सांगायला तोंड राहणार नाही. जुना दर कधीच पुसायचा नाही, खाली नवी ओळ वाढवायची.

कॉन्फिग फाइल लिहायच्या यॅमल (YAML) आणि टॉमल (TOML) अशा दोन पद्धती आहेत. फाइल यॅमलऐवजी टॉमलमध्ये ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. पायथनच्या नेहमीच्या यॅमल लायब्ररीत अवतरणचिन्हांशिवाय १२:३० लिहिलं तर ते ७५० होतं, ०९:३० मात्र मजकूरच राहतं. दिल्लीचा जीएसटीतला राज्य कोड ०७ नुसता ७ होतो. पैशाच्या कामात असले परस्पर बदल नकोत. टॉमल अशा जागी सरळ चूक दाखवून थांबतं, आणि पायथन ३.११ पासून ते वाचायची सोय भाषेतच आहे.

आता तास. टायमरमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) काढा आणि सगळा हिशेब पूर्ण मिनिटांत ठेवा. वीस मिनिटं म्हणजे ०.३३ तास असं धरलं, तर तासाला १,२०० रुपये दराने ४०० ऐवजी ३९६ रुपये येतात. मिनिटांची बेरीज आधी, दराने गुणणं शेवटी, आणि रुपयांसाठी फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा पायथनचा प्रकार) न वापरता डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा). पंधरा-पंधरा मिनिटांत पूर्णांक करायची तुमची पद्धत असेल, तर ती प्रत्येक नोंदीवर लावायची की एकूण बेरजेवर, हे ग्राहकाशी आधीच बोलून घ्या. दहा मिनिटांच्या चार नोंदी एकेक करून वर ढकलल्या तर एक तास होतो, बेरीज करून ढकलल्या तर पाऊण तास. मी बेरजेवर करतो. नोंदीनोंदीला वर ढकलणं मला सचोटीचं वाटत नाही.

रात्री काम करत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. टायमरच्या वेळा यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) येत असतील, तर १ ऑगस्टला पहाटे चारला केलेलं काम ३१ जुलैच्या खात्यात जातं. महिना ठरवण्याआधी वेळ भारतीय करून घ्या.

जीएसटीचं गणित जीएसटी नंबरवरच सोपवता येतं. ग्राहकाच्या नंबरचे पहिले दोन अंक म्हणजे त्याचा राज्य कोड. २७ असेल तर महाराष्ट्र, म्हणजे सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९ आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९ टक्के. बेळगाव-निपाणीचा ग्राहक असेल तर २९, म्हणजे कर्नाटक, आणि थेट आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला लागणारा एकत्रित कर) १८ टक्के. आपल्याकडे कागलच्या पुढे गेलं की राज्य बदलतं, म्हणून ही अट पहिल्या दिवसापासून स्क्रिप्टमध्ये हवीच. परदेशी ग्राहकासाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरलेलं असेल तर कर शून्य, पण एलयूटीखाली कर न लावता निर्यात केली असं वाक्य बिलावर छापावं लागतं आणि एलयूटी दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल (सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सहसा सक्तीची नाही) तर कर लावायचा नाही, आणि कागदावर टॅक्स इनव्हॉइस असंही लिहायचं नाही. कर लावत असाल तर तो वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे टीडीएस (ग्राहक पैसे देतानाच कापून घेतो तो आयकर) फक्त मूळ रकमेवर कापला जातो.

बिलाचा नंबर आर्थिक वर्षात सलग, पुन्हा न येणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. म्हणून स्क्रिप्टला दोन पायऱ्या द्या. पहिली कच्चं बिल काढते, त्याला नंबर नाही, कितीदाही चालवा. दुसरी पक्कं बिल काढते: नंबर देते, पीडीएफ बनवते आणि त्या क्षणीचे तास, दर, कर सगळं वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवते. पक्कं बिल पुन्हा जनरेट करायचं नाही. पाठवलेलं बिल जास्त रकमेचं निघालं तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा वेगळा कागद) काढायची. जुनी फाइल उघडून आकडा बदलायचा नाही. सीएकडे वर्षाचा हिशेब जातो तेव्हा याच शिस्तीचा उपयोग होतो.

पीडीएफसाठी एचटीएमएलचा साचा आणि त्याची पीडीएफ बनवणारी वीझीप्रिंट (WeasyPrint) ही पायथन लायब्ररी वापरा. काही पीडीएफ लायब्ररी मराठी जोडाक्षरं फोडून टाकतात, ही नीट जुळवते. फक्त मशीनवर देवनागरी फॉन्ट हवा. रक्कम अक्षरांत हवी असेल तर इंग्रजीसाठी नमटूवर्ड्स (num2words) या लायब्ररीमध्ये लाख-कोटींची भारतीय पद्धत आहे.

ईमेल मात्र आपोआप पाठवू नका. कच्चं बिल महिन्याच्या पहिल्या तारखेला क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीने) तयार होऊ दे, पण कामाचं वर्णन स्वतः वाचा. 'बग फिक्स, ६ तास' अशी ओळ अकाउंट्सवाल्याला काहीच सांगत नाही. 'डिस्पॅच रिपोर्टमध्ये वजनाची चुकीची बेरीज दुरुस्त केली' असं असेल तर बिल पास करणाऱ्याला कुणाला फोन करावा लागत नाही. टायमर सुरू करतानाच असं लिहायची सवय लावा. आणि पहिला महिना एक्सेल आणि स्क्रिप्ट दोन्ही चालवून रकमा ताडून पाहा. फरक आला तर बहुधा पूर्णांक करण्यात किंवा महिन्याच्या शेवटच्या रात्रीच्या नोंदींत सापडेल.