शब्दांची चौकशी : आजोबांची पेन्सिल बरोबर होती

प्रश्न : आजोबांच्या कपाटात इंग्रजी कवितांचं एक जुनं पुस्तक सापडलं. त्यात ‘ड्रॉट’ या शब्दाच्या शेवटी ‘जीएचटी’ नाही, नुसतं ‘टीएच’ छापलंय. आजोबांनी समासात पेन्सिलीनं ‘कोरड’ असं लिहून ठेवलंय. नातू म्हणतो, छपाईची चूक आहे. मोबाइलनंही त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. खरं काय? आणि ‘ड्रॉट’ म्हणजे दुष्काळ ना, मग कोरड कशी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नातवाला सांगा, चूक मोबाइलची आहे. हा शब्द ‘ड्राउथ’, ‘ड्रॉट’चा सख्खा भाऊ. इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘थ’ लावून नाम करायची जुनी रीत आहे : वॉर्मवरून वॉर्म्थ, डीपवरून डेप्थ. तसाच कोरडेपणा सांगणाऱ्या ‘ड्राय’च्या घराण्यातून हा शब्द आला. जुन्या इंग्रजीत त्याच्या शेवटी ‘थ’च होता. पुढे ‘घ’सारख्या घशातल्या उच्चाराशेजारी त्या ‘थ’चा काही जणांच्या तोंडी ‘ट’ झाला, काहींच्या तोंडी ‘थ’च राहिला. ‘हाइट’चंही तेच झालं, इंग्रज कवी मिल्टन तो शब्द शेवटी ‘थ’ ठेवूनच लिहायचा. त्याच्या 1667च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यामध्ये ‘ड्राउथ’ही आहे, आणि तिथे त्याचा अर्थ चक्क तहान असा आहे.

इथे एक कबुली देऊन टाकते. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. एका मुलानं निबंधात ‘ड्राउथ’ लिहिलं होतं, मी लाल शाईनं गोल करून अर्धा गुण कापला. त्यानं तो शब्द बहुधा वॉर्म्थच्या चालीवर कानानंच रचला असणार, पण रचला तो हजार वर्षं जुन्या वळणाचा. आता तो पन्नाशीचा झाला असेल. अर्धा गुण त्याला देणं लागते.

प्रमाण इंग्रजीनं ‘ड्राउथ’ टाकला तरी अमेरिकेच्या शेतीच्या मुलखात तो विसाव्या शतकापर्यंत छापला जात होता. स्कॉटलंडात तर त्याचा संसार चांगलाच फुलला. तिकडे उच्चार ‘ड्रूथ’. अर्थ तीन. पहिला, पाऊस नसणं. दुसरा, घशाची तहान, आणि ती पाण्याचीच असेल असं नाही. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या ‘टॅम ओ’ शँटर’ या कवितेमध्ये बाजाराच्या दिवशी संध्याकाळी एकमेकांना गाठणारे शेजारी ‘ड्रूथी’ आहेत, ते काही पन्हं प्यायला जमलेले नव्हेत. अट्टल पिणाऱ्या माणसालाही तिकडे ‘ड्रूथ’च म्हणतात.

तिसरा अर्थ माझा लाडका. कपडे वाळवायला चांगली अशी कोरडी, वाऱ्याची हवा म्हणजेही ‘ड्रूथ’. बाई दारात येते, वारा अजमावते आणि ‘आज छान ड्रूथ आहे’ म्हणून कपड्यांची बादली बाहेर काढते. आषाढात आमच्या सदाशिव पेठेतल्या गॅलरीत नातवाची जीन्स तीन दिवस लोंबकळते, चौथ्या दिवशी कुबट वास घेऊन आत येते आणि शेवटी इस्त्रीखाली वाफा सोडते. तेव्हा मला या शब्दाची फार आठवण होते. ‘वाळवणाचं ऊन’ आपल्याकडे आहे. पण ते पापड-कुरडयांच्या दिवसांत, नको तितकं.

आता तुमच्या आजोबांची पेन्सिल. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ, त्या शब्दात कोरडेपणा कुठेच नाही. म्हणून तर आपण बिनधास्त ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. इंग्रजी माणसाला ‘वेट ड्रॉट’ म्हणून बघा, तो तुमच्याकडे काळजीनं पाहील. ‘अवर्षण’ म्हणावं तर तो फक्त आभाळाचा शब्द, घशाला लागू पडत नाही. ‘कोरड’ मात्र घशालाही पडते आणि तिचंच भावंड ‘कोरडवाहू’ जमिनीच्या सातबाऱ्यापर्यंत जातं. शेत आणि घसा एकाच कुळीच्या शब्दांत बसवणारी ‘ड्राउथ’ची खुबी आजोबांनी एका शब्दात पकडली. तो समास खोडरबरापासून जपा.

कोरडेपणाचे शब्द तहानेकडे वळतात हे नवीन नाही. इंग्रजी ‘थर्स्ट’ आणि आपली ‘तहान’ एकाच मुळाची. आपल्याकडे संस्कृत तृष्णा, प्राकृत तण्हा आणि मग तहान. आणि त्या मूळ धातूचा अर्थ होता सुकणं. त्याच धातूवरून लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे जमीन झाली, पाण्याबाहेरची कोरडी जागा. आणि आपल्याकडे समुद्राचा नव्हे तो ‘खुष्कीचा मार्ग’! फारसी ‘खुश्क’ म्हणजे सुकं. शब्द वेगळा, मूळ वेगळं, पण डोक्यातली वाट तीच.

हा ‘खुश्क’, आपला ‘शुष्क’ आणि त्यावरून झालेला ‘सुका’ हेही एका आईचे. त्यांचा इंग्रजीतला चुलतभाऊ ‘सिअर’. मॅकबेथ शेवटच्या अंकात आपलं आयुष्य ‘सिअर’ला, पिवळ्या पानाच्या अवस्थेला आलं म्हणतो, तोच हा. म्हणजे शेक्सपिअरच्या पिकल्या पानाचं नातं आमच्या सुक्या बोंबलाशी लागतं. एम.ए.च्या वर्गात हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

प्रश्न : खोबऱ्याच्या किसाच्या पाकिटावर ‘डेसिकेटेड’ असतं. हा कुठला शब्द?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : लॅटिन ‘सिक्कस’, म्हणजे सुका. वाइनच्या बाटलीवरचं फ्रेंच ‘सेक’ तेच. कोरडेपणाला इंग्रजीत ‘सिक्सिटी’ असाही एक जुनाट शब्द आहे. वापरू नका, दुकानदार साठ पाकिटं बांधून देईल. नव्या बुटांच्या खोक्यात जी खडेवाली पुडी येते तिचं काम ‘डेसिकंट’चं, म्हणजे ओल शोषायचं. ती फेकू नका, मिठाच्या बरणीतही टाकू नका. पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटात ठेवा. आजोबांच्या त्या कवितांशेजारी ठेवली तरी चालेल.