ग्रिफिन काढताना पंख नंतर चिकटवल्यासारखे दिसतात. काय चुकत असेल?

ग्रिफिन म्हणजे गरुडाचं डोकं आणि पंख, सिंहाचं धड असलेला काल्पनिक प्राणी. तुम्ही म्हणता की गरुडाचं डोकं जमतं, सिंहाचं धडही जमतं, पण पंख काढले की सगळं चित्र फसतं. माझंही बरीच वर्षं असंच व्हायचं. मी पिसं सुधारत बसायचो आणि चूक मात्र खांद्यात असायची.

पंख म्हणजे पक्ष्याचा हात. त्याला दंड आहे, कोपर आहे, मनगट आहे. लांब पिसांपैकी टोकाकडची मनगटापुढच्या पंजाच्या हाडांवर असतात, त्यामागची कोपर ते मनगट या भागावर. आपण मात्र पाठीवर एक टिंब धरतो आणि तिथून थेट पिसं फुटल्यासारखी काढतो. दंड राहूनच जातो. चार पाय आणि दोन पंख असलेल्या प्राण्याला खांद्यांच्या दोन जोड्या लागतात, हे आधी कच्च्या रेघांत दिसू द्या.

आता स्नायू. पक्ष्याच्या पंखांना बळ पाठीतून मिळत नाही, छातीतून मिळतं. पंख खाली मारणारा स्नायू तर छातीवर असतोच, पण वर उचलणारा मुख्य स्नायूही तिथेच असतो. त्याचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, खांद्यावरून कप्पीवरच्या दोरीसारखा वळून जातो. म्हणून ग्रिफिनची छाती सिंहापेक्षा खोल काढा, आणि पंखाच्या मुळापासून पुढच्या पायामागून छातीकडे उतरणारा एक जाड फुगवटा दाखवा. माझ्या चित्रांत सगळ्यात मोठा फरक या एका फुगवट्याने पडला.

मांजर दबा धरून चालताना बघा. ज्या पायावर भार येतो, त्या बाजूचा फरा, म्हणजे खांद्याचं पसरट हाड, पाठीच्या रेषेच्या वर येतो. मांजराच्या गळपट्टीचं हाड अगदी छोटं असतं, खांद्याला सांधलेलं नसतं, त्यामुळे फरा मोकळेपणाने सरकतो. त्याला ती जागा हवीच. पंखाचं मूळ बरोबर त्याच्या मागे घ्या, वर नको.

पुढचे पाय गरुडाचे हवे असतील तर कोपर आणि मनगट मांजराचंच ठेवा. मनगटाखाली खवले आणि नख्या द्या. गरुडाचा अख्खा पाय तिथे लावला तर सांधे उलटे पडतात, कारण तो मुळात मागचा पाय आहे.

पिसं कुठे संपवायची आणि केस कुठे सुरू करायचे? सोनेरी गरुडाच्या मानेवरची पिसं अरुंद, टोकदार असतात, लांबून आयाळीसारखीच दिसतात. ती खांद्यावर विरळ करत न्या. सरळ सीमारेषा आखू नका. नजरेसाठी डोळ्यावरचं पुढे आलेलं हाड विसरू नका, गरुडाचा करारीपणा त्यातच आहे.

ग्रीसमधल्या क्रीट बेटावर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर ग्रिफिन आहेत. त्यांना पंखच नाहीत, तरी ते ग्रिफिन म्हणून लगेच ओळखू येतात. तुम्हीही काही दिवस बिनपंखांचाच काढा. शरीर नीट उभं राहिलं की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पंख काढा, आणि आधी मिटलेले काढा. मिटलेल्या पंखाचं मनगट पुढे छातीकडे येतं आणि कोपर मागे जातं. ते जमलं की उघडलेला पंख काढायला घ्या.